डोळे सतत कोरडे पडतात? थेंबांच्या आधी पापण्यांकडे बघा

डोळे कोरडे पडतात म्हटलं की बहुतेकांना एकच उपाय सुचतो, तो म्हणजे थेंब. थेंब घातले की तासभर बरं वाटतं, मग पुन्हा चुरचुर सुरू होते. मग दुसऱ्या कंपनीचे थेंब, त्यानंतर तिसऱ्या. वर्ष निघून जातं आणि डोळे होते तसेच राहतात. यात थेंबांचा दोष फारसा नसतो. कोरडेपणा नेमका कशामुळे आहे, हेच कुणी पाहिलेलं नसतं. हा लेख ज्यांना हा त्रास नव्याने कळला आहे त्यांच्यासाठी आहे. डॉक्टरांकडे जाण्याआधी काय बघून ठेवायचं, तिथे काय विचारायचं आणि घरी आल्यावर रोज काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

अश्रू म्हणजे नुसतं पाणी नव्हे

डोळ्यावर अश्रूंचा एक अतिशय पातळ पापुद्रा सतत पसरलेला असतो. त्यात तीन गोष्टी असतात. अगदी आत, डोळ्याला लागून, बुळबुळीत श्लेष्मा असतो. त्याच्यामुळे पाणी डोळ्यावर नीट पसरतं, घरंगळून जात नाही. मधे पाणी, क्षार आणि प्रथिनं असतात. हे मुख्यतः वरच्या पापणीच्या आड, बाहेरच्या कोपऱ्याकडे असलेल्या अश्रुग्रंथीतून येतं. आणि सगळ्यात वर तेलाचा थर असतो. तो पाण्याला उडून जाऊ देत नाही.

हे तेल पापण्यांमधून येतं, आणि नेमकी हीच गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. वरच्या पापणीत साधारण 25 ते 40 आणि खालच्या पापणीत 20 ते 30 उभ्या ग्रंथी असतात. त्यांची तोंडं पापणीच्या काठावर, केसांच्या ओळीच्या जरा मागे उघडतात. हाइनरिश माइबोम या जर्मन डॉक्टरांनी 1666 साली त्यांचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. पापणी मिटली की त्या दाबल्या जातात आणि थोडंसं तेल काठावर येतं. पापणी उघडताना ते तेल पाण्यावर पसरतं.

त्यामुळे कोरडेपणाचे ढोबळमानाने दोन प्रकार होतात. एकात पाणीच कमी तयार होतं. दुसऱ्यात पाणी पुरेसं असतं, पण तेल कमी किंवा खराब असल्याने ते भराभर उडून जातं. दुसरा प्रकार जास्त आढळतो, आणि पुष्कळांना दोन्ही थोडे थोडे असतात. पाणी उडालं की उरलेले अश्रू अधिक खारट होतात. खारटपणामुळे डोळ्याच्या पृष्ठभागाला दाह होतो, दाहामुळे श्लेष्मा बनवणाऱ्या पेशी कमी होतात, आणि मग पापुद्रा आणखी लवकर फाटतो. एकदा हे चक्र सुरू झालं की नुसतं वरून पाणी घालून ते थांबत नाही. दिवसभर थेंब घालूनही फरक का पडत नाही, त्याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

आणखी एक गोंधळ आधीच दूर करतो. डोळे कोरडे असलेल्या माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ शकतं. पृष्ठभाग चिडला की मेंदू अश्रुग्रंथीला इशारा देतो आणि एकदम पाणी सुटतं. पण त्या पाण्यात तेल आणि श्लेष्म्याचं प्रमाण बिघडलेलं असतं, त्यामुळे ते टिकत नाही, गालावरून वाहून जातं. 'माझ्या तर डोळ्यांतून पाणी येतं, मला कोरडेपणा कसा असेल?' असं म्हणून लोक निदान धुडकावतात. तसं करू नका.

पहिली पायरी: त्रास कधी होतो ते लिहून ठेवा

आठ-दहा दिवस साधी नोंद करा. चुरचुर, जळजळ, काहीतरी खुपणं, उजेड सहन न होणं, डोळे जड वाटणं, यांपैकी काय होतं आणि कधी?

सकाळी उठल्याउठल्या त्रास जास्त असेल तर झोपेत पापण्या पूर्ण मिटत नसण्याची शक्यता असते. रात्री झोपलेल्या माणसाकडे घरातल्या कुणी बारकाईने पाहिलं तर खालची फट दिसते. पापण्यांच्या काठाला सूज असेल तरीही सकाळी त्रास होतो, आणि मग केसांच्या मुळाशी चिपडं, खपल्या सापडतात. श्वासासाठी रात्री मास्कचं यंत्र लावत असाल तर त्यातून निसटणारी हवाही डोळे कोरडे करते. याउलट दिवस चढत जाईल तसा त्रास वाढत असेल, वाचताना किंवा स्क्रीनसमोर अक्षरं धूसर होऊन पापणी मिटली की पुन्हा स्पष्ट होत असतील, तर पापुद्रा लवकर फाटतो आहे असा अंदाज करता येतो. मुख्य तक्रार खाजेची असेल, तर मूळ ॲलर्जीत असू शकतं. ते वेगळं प्रकरण आहे आणि त्याचा उपचारही वेगळा.

नोंदीत औषधांची यादी घालायला विसरू नका. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मुरुमांसाठी दिली जाणारी आयसोट्रेटिनॉइन आणि काचबिंदूचे थेंब यांनी कोरडेपणा येऊ किंवा वाढू शकतो. आपल्या मनाने मात्र कुठलीही गोळी बंद करायची नाही. काचबिंदूचे थेंब तर अजिबात नाही. फक्त यादी डॉक्टरांसमोर ठेवायची.

वय, पाळी थांबण्याचा काळ, थायरॉइड, संधिवात, कॉन्टॅक्ट लेन्स, चष्म्याचा नंबर घालवण्याची लेझर शस्त्रक्रिया, हे सगळं लिहा. तोंडही कोरडं पडत असेल, कोरडा घास पाण्याशिवाय गिळवत नसेल, सांधे दुखत असतील, तर ते ठळक अक्षरांत लिहा. श्योग्रेन सिंड्रोम नावाच्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करते. डोळ्यांच्या तपासणीतून सुरुवात होऊन पुढे रक्ताच्या तपासणीत तो सापडलेले रुग्ण थोडेथोडके नाहीत.

दुसरी पायरी: आरसा आणि उजेड

मोठं करून दाखवणारा आरसा घ्या, खिडकीजवळ उभे राहा. खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढून तिचा काठ पाहा. निरोगी काठ पातळ, गुळगुळीत असतो आणि त्यावर तेलाचे सूक्ष्म ठिपके ओलसर चमकतात. काठ जाड, लालसर असेल, त्यावर बारीक रक्तवाहिन्या दिसत असतील, कोपऱ्यात पांढरा फेस साचत असेल, तर तेलग्रंथी नीट काम करत नसाव्यात. वारंवार रांजणवाडी होणं हीसुद्धा तिथलीच खूण. केसांच्या मुळाभोवती पारदर्शक नळीसारखी खपली दिसली तर डेमोडेक्स नावाच्या अतिसूक्ष्म किड्यांचा संशय घेतात. हे ऐकून कसंतरी होतं खरं, पण वय वाढतं तसे ते बहुतेकांच्या पापण्यांत सापडतात. संख्या फार वाढली तरच त्रास.

मग कुणाला तरी सांगून कामात असताना मोबाइलवर आपल्या चेहऱ्याचं मिनिटभर चित्रीकरण करून घ्या. एरवी आपण मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे बघताना हे प्रमाण निम्म्याहून खाली जातं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मिटताना वरची पापणी खालच्या पापणीला टेकते का? अर्धवट मिटणाऱ्या पापण्या ग्रंथींना दाबतच नाहीत. मग तेल आतच घट्ट होत जातं.

तिसरी पायरी: डोळ्यांच्या डॉक्टरांकडे

कोरडेपणाच्या तपासण्या साध्या आणि जवळजवळ वेदनारहित असतात. शर्मर चाचणीत शोषक कागदाची एक अरुंद पट्टी टोकाला दुमडून खालच्या पापणीच्या आत, बाहेरच्या बाजूला अडकवतात. तुम्ही डोळे मिटून पाच मिनिटं बसायचं. पट्टी टोचत नाही, पण काहीतरी अडकलंय याची जाणीव सतत होत राहते आणि पाच मिनिटं बरीच लांबल्यासारखी वाटतात. नंतर पट्टी किती मिलिमीटर भिजली ते मोजतात. सुन्न करणारे थेंब न घालता केलेल्या चाचणीत 10 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर साधारण ठीक, 5 किंवा त्याहून कमी असेल तर पाणी बरंच कमी आहे असं धरतात.

दुसरी चाचणी पापुद्रा किती वेळ टिकतो याची. डोळ्यात फ्लुओरेसीन हा नारिंगी रंग लावतात, निळ्या उजेडात तो हिरवा चमकतो. पापणी उघडी ठेवायला सांगतात आणि त्या हिरव्या थरात पहिला काळा डाग कधी पडतो ते सेकंदांत मोजतात. 10 सेकंदांच्या आत डाग पडला तर पापुद्रा अस्थिर. याच रंगाने पारपटलावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, कुठे ओरखडल्यासारखे ठिपके आहेत का तेही दिसतं.

तिसरी गोष्ट तुम्ही स्वतः विचारून करून घ्या, कारण गर्दीच्या वेळी ती राहून जाते. डॉक्टरांना पापणीचा काठ दाबून बघायला सांगा. चांगल्या ग्रंथीतून स्वच्छ, पातळ तेल येतं. बिघडलेल्या ग्रंथीतून गढूळ, किंवा टूथपेस्टसारखा घट्ट पांढरा पदार्थ येतो, कधी काहीच येत नाही. काही ठिकाणी ग्रंथींचा इन्फ्रारेड फोटोही काढतात. ग्रंथी नुसत्या तुंबल्या आहेत की झिजून गेल्या आहेत, ते त्यात कळतं. झिजलेल्या ग्रंथी परत आणणं आजघडीला जवळपास अशक्य आहे, म्हणून लवकर बघायचं.

बाहेर पडताना एका प्रश्नाचं उत्तर हातात हवं: 'माझ्यात पाणी कमी आहे, तेल कमी आहे, की दोन्ही?' पुढचं सगळं या उत्तरावर अवलंबून आहे.

इथे एक विचित्र गोष्ट सांगायला हवी. त्रास आणि तपासणीतले आकडे पुष्कळदा जुळत नाहीत. कुणाच्या पारपटलावर ठिपकेच ठिपके असतात आणि तक्रार काहीच नसते. कुणाची तपासणी जवळजवळ चांगली येते आणि डोळे उघडे ठेवणं मुश्कील होतं. या दुसऱ्या गटात काहींच्या पारपटलावरच्या नसाच जास्त संवेदनशील झालेल्या असतात. 'तपासणीत काही नाही' म्हणजे 'तुम्हाला काही होत नाही' असा अर्थ कुणी काढला, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. पारपटलाचे तज्ज्ञ असतील तर उत्तम.

चौथी पायरी: शेक, मालिश, स्वच्छता

तेलाचा बिघाड असेल तर हाच खरा उपचार. थेंब याच्यानंतर.

घट्ट झालेलं तेल वितळायला पापणीला साधारण 40 अंश सेल्सिअसची ऊब आठ-दहा मिनिटं मिळावी लागते. गरम पाण्यात पिळलेला रुमाल दोन-तीन मिनिटांत निवतो आणि बहुतेकांचा शेक तिथेच फसतो. रुमाल वापरणार असाल तर दर दोन मिनिटांनी पुन्हा गरम पाण्यात बुडवून पिळून घ्यावा लागेल. त्यापेक्षा गरम करून वापरायचा डोळ्यांचा मास्क सोयीचा. तो ऊब धरून ठेवतो. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. तिथे चटका बसला तर पापणीला नक्की बसेल.

शेक झाल्या झाल्या, पापण्या उबदार असतानाच मालिश करायची. डोळे मिटा. वरच्या पापणीवर बोट आडवं ठेवून वरून खाली, काठाकडे हलकेच सरकवा. खालच्या पापणीवर खालून वर, पुन्हा काठाकडेच. प्रत्येक भागावरून चार-पाच वेळा पुरे. दाब पापणीवर द्यायचा, डोळ्याच्या गोळ्यावर नाही. आणि डोळे चोळायचे तर मुळीच नाहीत. केराटोकोनस, म्हणजे पारपटल पातळ होऊन शंकूसारखं पुढे येण्याचा आजार असलेल्यांनी मालिश करायची की नाही हे आधी डॉक्टरांना विचारावं.

शेवटी काठ पुसून काढायचा. त्यासाठी पापण्यांची खास पुसणी किंवा द्रावण मिळतं. स्वच्छ बोळ्याने केसांच्या मुळाशी आडवं पुसत जायचं, दोन्ही डोळ्यांना वेगळा बोळा. टी-ट्री तेलाचा डेमोडेक्सवर उपयोग होतो, म्हणून कुणी बाटलीतलं शुद्ध तेल पापणीला लावायला सांगेल. लावू नका, पारपटल भाजेल. त्याची पापण्यांसाठी बनवलेली सौम्य तयार उत्पादनंच वापरायची असतात. घरगुती म्हणून सांगितलेला कुठलाही रस, तेल किंवा अर्क डोळ्यांत घालायचा नाही, हेही याच ओघात सांगून टाकतो. निर्जंतुक नसलेली गोष्ट कोरड्या डोळ्यात घालणं म्हणजे जंतुसंसर्गाला बोलावणं.

सुरुवातीला दिवसातून दोनदा, मग बरं वाटू लागलं की एकदा. फरक कळायला काही आठवडे जातात. कंटाळवाणं आहे, मान्य. पण सोडलं की काही दिवसांत तेल पुन्हा घट्ट होतं, त्यामुळे दात घासण्याच्या वेळेला हे जोडून टाकलेलं बरं.

पाचवी पायरी: आता थेंब

कृत्रिम अश्रूंच्या बाटलीवर कंपनीचं नाव मोठं असतं, वाचायचा असतो तो घटक. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, हायप्रोमेलोज, सोडियम हायलुरोनेट, पॉलिएथिलीन ग्लायकॉल ही नेहमीची नावं. यांतलं सर्वांत चांगलं कोणतं याचं एकच उत्तर नाही. एक प्रकार दोन-चार आठवडे नीट वापरून बघायचा. तेल कमी असेल तर तेलाचा अंश असलेले, दुधी दिसणारे थेंब विचारा. जेल जास्त वेळ टिकतं पण काही मिनिटं धूसर दिसतं. मलम त्याहून घट्ट, ते झोपतानाच लावायचं. रात्री पापण्या उघड्या राहणाऱ्यांना त्याचा चांगला आधार होतो.

घटकाइतकंच महत्त्वाचं आहे परिरक्षक, म्हणजे बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं रसायन. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे त्यातलं सर्रास वापरलं जाणारं. अधूनमधून ठीक, पण दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर परिरक्षक नसलेलेच घ्या, नाहीतर औषधच पृष्ठभाग दुखवतं. ते छोट्या एकेरी नळ्यांत किंवा खास झडपेच्या बाटलीत येतात. साध्या बाटलीवर फोडल्याची तारीख लिहा आणि वेष्टनावर दिलेल्या मुदतीनंतर टाकून द्या. बहुतेक बाटल्यांची ती महिनाभराची असते.

थेंब घालताना मान मागे, खालची पापणी ओढून खोबण करा, एक थेंब सोडा. दोन थेंब घालून उपयोग नाही, तिथे एकसुद्धा पुरता मावत नाही. नळीचं टोक कशाला टेकू द्यायचं नाही. मग डोळा मिटून मिनिटभर शांत राहायचं. दोन वेगळी औषधं असतील तर मधे पाच मिनिटं जाऊ द्या आणि घट्ट औषध शेवटी घाला. आणि डोळे फार चुरचुरू लागल्यावर थेंब घालण्यापेक्षा ठरावीक वेळी, त्रास होण्याआधी घाला.

दोन प्रकारचे थेंब मात्र आपल्या मनाने घेऊ नका. पहिले, लाली घालवणारे: नाफाझोलीन, टेट्राहायड्रोझोलीनसारखे. ते रक्तवाहिन्या आकसवतात, डोळा पांढराशुभ्र दिसतो, आणि असर उतरला की पहिल्यापेक्षा लाल होतो. दुसरे स्टेरॉइडचे. त्यांनी दाह झटकन उतरतो म्हणून जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा आणून घालणारे लोक आहेत. देखरेखीशिवाय दीर्घकाळ घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

उघडझाप, वारा आणि स्क्रीन

हा भाग थोडक्यात. पंख्याचा, एसीचा किंवा गाडीतला झोत थेट चेहऱ्यावर नको. खोलीतली आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांदरम्यान असेल तर डोळ्यांना बरं. स्क्रीन नजरेच्या किंचित खाली ठेवा, म्हणजे डोळे कमी उघडे राहतात आणि बाष्पीभवन घटतं. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद सहा-एक मीटर दूर बघा आणि त्या वेळात पापण्या पूर्ण मिटा: मिटा, दोन सेकंद थांबा, हलकेच आवळा, उघडा. बाहेर वाऱ्यात बाजू झाकणारा चष्मा. धुरापासून आणि सिगारेटपासून लांब. पापणीच्या केसांच्या आतल्या काठावर लायनर लावू नका, तेलग्रंथींची तोंडं नेमकी तिथेच असतात.

एवढ्याने भागलं नाही तर

महिना-दोन महिने हे सगळं नेमाने करूनही त्रास राहिला तर डॉक्टर पुढची औषधं काढतात. सायक्लोस्पोरिनचे थेंब दाहाच्या मुळावर काम करतात. अमेरिकेत त्यांना 2002 मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली. ते घालताना जळजळतं आणि पुरता परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागू शकतात. हे कुणी आधी सांगितलं नाही तर लोक पंधरा दिवसांत बाटली टाकून देतात. लिफिटेग्रास्ट (2016) हाही त्याच वर्गातला, दाह कमी करणारा. तेलग्रंथींच्या बिघाडात डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं ठरावीक काळ देतात. इथे ती जंतूंपेक्षा दाहासाठी असतात. पापण्या आतून तापवून दाबणारी यंत्रं आणि प्रकाशझोताचे उपचारही आहेत. त्यांचा काहींना चांगला उपयोग होतो, पण घरचा शेक त्यानंतरही सुटत नाही, आणि आधी ग्रंथींचा फोटो न काढता कुणी ते सुचवलं तर जरा थांबून विचारा.

पाणीच कमी असेल तर वेगळा मार्ग. पापणीच्या आतल्या कोपऱ्यात अश्रू वाहून नेणारं बारीक छिद्र असतं. त्यात चिमुकलं बूच बसवतात, म्हणजे आहे ते पाणी डोळ्यावर टिकतं. काही बुचं आपोआप विरघळतात, सिलिकॉनची राहतात आणि नको असतील तर काढता येतात. डोळ्यात दाह असेल तर आधी तो आटोक्यात आणून मग बूच बसवणं बरं, एरवी दाह वाढवणारे घटकही आत कोंडले जातात. फार तीव्र त्रासात रुग्णाच्याच रक्तातल्या द्रवापासून बनवलेले थेंब, किंवा पारपटलावर पाण्याचा साठा धरून ठेवणारी मोठी स्क्लेरल लेन्स, हेही पर्याय आहेत.

ओमेगा-3च्या गोळ्यांबद्दल सगळेच विचारतात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ड्रीम या मोठ्या चाचणीत 535 रुग्णांपैकी काहींना वर्षभर रोज 3000 मिलिग्रॅम ओमेगा-3 आणि बाकीच्यांना ऑलिव्ह तेल दिलं. दोन्ही गटांना थोडं बरं वाटलं, पण त्यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. माझं मत, आधी चांगल्या मास्कची सोय करा.

कधी थांबायचं नाही

अचानक तीव्र दुखणं, नजर कमी होणं, उजेडाकडे बघताच न येणं, बुबुळावर पांढरा ठिपका, पू येणं, किंवा एकाच डोळ्याला एकाएकी लाली, यांपैकी काही झालं तर तो कोरडेपणा समजून थेंब घालत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ती लगेच काढा आणि डबीसकट सोबत घेऊन जा. संसर्ग झाला असेल तर तपासणीला तिचा उपयोग होतो.

मोतीबिंदूची किंवा नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया ठरत असेल तर मोजमापं घेण्याआधीच कोरडेपणाची कल्पना द्या. कोरड्या पारपटलाची वक्रता दर वेळी वेगळी मोजली जाते आणि बसवायच्या लेन्सचा नंबर चुकू शकतो. अशा वेळी काही आठवडे उपचार करून मोजमापं पुन्हा घेतात. शस्त्रक्रिया तेवढी पुढे गेली तरी चालते.